सोलापुरातून बायोइलेक्ट्रॉनिक इम्प्लांटची कंपनी: सुरुवात घोट्यापासून करा

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही तिघे सोलापूरचे. दोघे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, तिसरी सर्जन. नसांना विजेचे सौम्य ठोके देणारं, शरीरात बसवायचं उपकरण बनवणारी कंपनी काढायची आहे. पहिलं उत्पादन मानेतल्या व्हेगस नसेवर, संधिवात आणि मधुमेहासाठी. हे सोलापुरात बसून जमेल का? सुरुवात कुठून करावी?

जमेल. पण व्हेगसपासून सुरुवात करू नका.

माझ्या कामाचा बराचसा काळ इम्प्लांटचे इलेक्ट्रोड आणि त्यांचं सीलबंद वेष्टन यांवर गेला आहे. पुढचं काही कडक वाटेल, पण तुम्ही ही कंपनी काढावी असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच सविस्तर लिहितो.

आधी व्हेगसचं. अमेरिकन न्यूरोसर्जन केविन ट्रेसी यांनी २००२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक मांडणी केली: शरीरातला दाह आटोक्यात ठेवणारा एक मार्ग या नसेतून जातो. त्याच विचारावर २००७ मध्ये सेटपॉइंट मेडिकल ही कंपनी उभी राहिली. संधिवाताच्या मोजक्या रुग्णांवरचे पहिले निकाल २०१६ मध्ये आले, मग २४२ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजुरी मिळाली २०२५ च्या जुलैमध्ये. म्हणजे कंपनी काढल्यापासून १८ वर्षं, तीही अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांच्या पैशावर. दिवसातून एक मिनिट ठोके देणारं ते छोटं उपकरण आहे. ते छोटं दिसतं म्हणून काम छोटं आहे असं समजू नका. मधुमेहाचा पुरावा तर याहून बराच विरळ आहे. वजन घटवण्यासाठी व्हेगस रोखणारं एक उपकरण २०१५ मध्ये मंजूर झालं होतं. त्याच्या चाचणीत ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नव्हतं, आणि पुढे बाजारातही ते टिकलं नाही.

शिवाय जागा अवघड आहे. मानेत व्हेगस कॅरोटिड धमनी आणि जुग्युलर शीर यांच्याच आवरणात असते. इम्प्लांट सहसा डावीकडे बसवतात, कारण उजव्या व्हेगसचा हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या गाठीवर जास्त प्रभाव असतो. स्वरयंत्राकडे जाणारे तंतूही याच नसेत असल्याने विजेचे ठोके सुरू झाले की अनेकांचा आवाज बसतो. तुमच्या सर्जन मैत्रिणीला हे सगळं ठाऊक असेलच. पहिल्याच उत्पादनात एवढी जोखीम अंगावर घेऊ नये, इतकंच माझं म्हणणं.

मग कुठली नस घ्यायची? जिच्यावर ठोके दिले की रुग्णाला फायदा होतो, हे इम्प्लांट न बसवताच सिद्ध झालेलं आहे अशी. तसं असेल तर 'हे काम करतं का' हा सर्वांत महागडा प्रश्न दुसऱ्यांनी सोडवलेला असतो आणि तुमच्या वाट्याला उरतं ते अभियांत्रिकी. पायाच्या घोट्याजवळची टिबियल नस याचं उत्तम उदाहरण आहे.

वारंवार लघवीला जावं लागणं, घाई होणं, पोहोचेपर्यंत थोडी होऊन जाणं, या तक्रारीवर ती वापरतात. टिबियल नसेची मुळं कण्याच्या ज्या भागातून येतात, तिथूनच मूत्राशयाचंही नियंत्रण होतं. घोट्याच्या आतल्या हाडाच्या तीन बोटं वर एक बारीक सुई टोचतात, तळव्याला एक पॅड चिकटवतात आणि हळूहळू करंट वाढवतात. सुई बरोबर जागी असेल तर अंगठा खाली वाकतो किंवा बोटं पंख्यासारखी पसरतात. एवढी उघड खूण देणारी दुसरी जागा क्वचित सापडते. मशीन नस गाठतंय की नाही, हे स्कॅनशिवाय, नुसत्या डोळ्यांनी कळतं. आठवड्याला ३० मिनिटं, असे १२ आठवडे, आणि पुढे साधारण महिन्याला एकदा.

आता समजा, कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतली पन्नाशीची एक बाई आहे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबावर. अर्ध्या तासाच्या उपचारासाठी तिचा अर्धा दिवस जातो, रिक्षाभाडं जातं, बसलेली लय मोडते. गुण येत असला तरी तीन-चार खेपांनंतर ती यायची बंद होते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणून त्याही सुटतात. बहुतेक जणी तर हे बोलतच नाहीत, बाहेर जाणं कमी करतात, पाणी कमी पितात. इम्प्लांटची खरी गरज इथे आहे: ठोके तेच, पण दवाखान्याच्या चकरा वाचल्या पाहिजेत. अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, अगदी सीमेपलीकडच्या विजापूर-गुलबर्ग्याहूनही लोक उपचाराला सोलापुरात येतात. त्यांच्या बाबतीत तर हा हिशेब आणखी कडक लागतो.

जगात हे करून दाखवलेलं आहे. घोट्यात बसवायचं, नाण्याएवढं, आत बॅटरी असलेलं ईकॉइन २०२२ मध्ये एफडीएने मंजूर केलं. ब्लूविंड या इस्रायली कंपनीचं रेवी २०२३ मध्ये आलं. त्याच्या आत बॅटरीच नाही. घोट्यावर बांधायच्या पट्ट्यातून त्याला वीज मिळते. तुम्ही या बिनबॅटरीच्या वाटेने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरी नाही म्हणजे ती बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया नाही, शरीरात लिथियम नाही, आणि बरीचशी गुंतागुंत बाहेरच्या पट्ट्यात राहते. तिथे ती दुरुस्त करता येते. पेटंट मात्र आधी नीट तपासून घ्या.

नक्कल करून भागणार नाही, कारण सोलापूरचा घोटा वेगळा आहे. पैंजणांचं बघा. चांदी विजेची उत्तम वाहक. वीज देणाऱ्या कॉइलशेजारी चांदीचं कडं आलं की त्यात भोवरा-प्रवाह फिरतात, कॉइलचं ट्यूनिंग ढळतं, आतल्या इम्प्लांटला वीज कमी पडते आणि पैंजण स्वतः तापू लागतं. 'वापरताना दागिने काढावेत' असं पुस्तिकेत छापून सुटका होत नाही. सवाष्ण बाई पैंजण काढायला तयार होईलच असं नाही. पट्टा पैंजणाच्या वर बसला पाहिजे, आणि चाचण्या पैंजण घालूनच झाल्या पाहिजेत.

मग ऊन. इम्प्लांटचा बाहेरचा पृष्ठभाग शरीराच्या तापमानापेक्षा २ अंशांहून जास्त तापू नये, असं आयएसओ १४७०८ हे मानक सांगतं. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ वर जातो. हवा त्वचेपेक्षा गरम असली की शरीराकडे उष्णता टाकायला एकच मार्ग उरतो, घाम सुकणं. आणि नेमक्या तिथे तुम्ही पट्टा बांधलेला असतो. एसी लॅबमध्ये २५ अंशांवर पास झालेलं उपकरण इथल्या पत्र्याच्या घरात पास होईल असं धरून चालू नका. ४५ अंशांच्या चेंबरमध्ये, घामासारखं खारं पाणी लावून मोजमाप घ्या. पट्ट्याच्या कापडाचा प्रश्न मात्र या शहराइतका चांगला कुठे सुटणार? टॉवेलचं विणकाम ज्यांच्या घराण्यात आहे, त्यांच्याबरोबर बसून घाम शोषणारी, रोज धुता येणारी पट्टी बनवून घ्या. परदेशी पट्ट्यांच्या चिकट जेलपेक्षा ती इथे जास्त टिकेल, असा माझा अंदाज आहे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे मधुमेह. या तक्रारीच्या रुग्णांत मधुमेही बरेच असतात. त्यांच्या पायाच्या नसा आधीच मंदावलेल्या असू शकतात, जखम लवकर भरत नाही, आणि अनवाणी चालण्याची सवय असेल तर पायाला आधीच भेगा असतात. अशा पायात परकी वस्तू बसवून संसर्ग झाला तर आपण लघवीचा त्रास कमी करायला गेलो आणि पाय गमावण्याची वेळ आणली, असं होईल. पायाची संवेदना, रक्तपुरवठा आणि साखरेचं नियंत्रण यांच्या अटी पहिल्या चाचणीत इतक्या कडक ठेवा की निम्मे इच्छुक बाहेर राहिले तरी चालतील.

अजून एक गोष्ट तरुण टीमना ऐकायला आवडत नाही: रुग्णाला बरं वाटलं म्हणजे उपकरणाने काम केलं असं नसतं. याच टिबियल नसेच्या सुईच्या उपचाराची २०१० मध्ये २२० जणांवर चाचणी झाली. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५४.५ टक्क्यांना ठळक सुधारणा जाणवली, आणि खोटा उपचार मिळालेल्यांपैकीही २०.९ टक्क्यांना. पाचात एकाला काहीही न करता बरं वाटलं. तुलनेचा गट नसता तर ते श्रेयही मशीनच्या खात्यात गेलं असतं. पहिल्या दहा रुग्णांच्या आनंदावर गुंतवणूकदारांना दाखवायचे आलेख काढू नका.

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे येतो. इम्प्लांट बहुतेक वेळा सर्किट चुकलं म्हणून मरत नाही, पाणी आत शिरलं म्हणून मरतं. शरीर म्हणजे ३७ अंशांचं खारं पाणी, ते कधीच सुकत नाही. खाऱ्या पाण्यात ठेवून, व्होल्टेज सुरू ठेवून बाहेर काढलेला एपॉक्सीबंद प्रोटोटाइप मी सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा पाहिला आहे. वरून तो चकचकीत, अगदी नवा दिसतो. पण एपॉक्सी आणि सर्किटबोर्ड जिथे चिकटलेले असतात त्या सीमेवर, दोन तांब्याच्या पट्ट्यांच्या मधोमध, धातूची बारीक वाढ झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली दिसते. ती समोरच्या पट्टीला टेकली की शॉर्ट. ओलसरपणा, व्होल्टेज आणि साफ करताना राहिलेला फ्लक्सचा (डाग देताना वापरायच्या रसायनाचा) अंश, या तिन्हींतून ती उगवते. पाण्याची वाफ तर सिलिकोनमधून आरपार जातेच. सिलिकोन पृष्ठभागाला इतकं घट्ट चिकटलं पाहिजे की वाफेचं पाणी होऊन साचायला पोकळीच राहू नये. म्हणजे खरं काम सफाईचं आणि चिकटण्याचं आहे, जाडीचं नाही. पेसमेकरवाले हा प्रश्न लेझरने जोडलेली टायटॅनियमची डबी आणि सिरॅमिकमधून बाहेर काढलेल्या तारा यांनी सोडवतात आणि प्रत्येक डबी हेलियमने गळतीसाठी तपासतात.

ही परीक्षा सोलापुरात अगदी उत्तम घेता येते. सलाइनची बाटली, भरवशाचं ओव्हन, आणि ६७ अंश तापमान. दर १० अंशांना झीज साधारण दुप्पट होते, या ठोकताळ्याने ३७ च्या वर ३० अंश म्हणजे आठपट. वर्षभर टिकलं तर शरीरातली जवळपास आठ वर्षं. हा ठोकताळा तेव्हाच खरा, जेव्हा वाढलेल्या तापमानामुळे बिघाडाचा एखादा नवाच प्रकार सुरू होत नाही. म्हणून काही नमुने ३७ आणि ५७ वरही ठेवा. आणि व्होल्टेज चालू ठेवूनच ठेवा, नाहीतर वर सांगितलेल्या फांद्या दिसणारच नाहीत. हे ओव्हन पहिल्या महिन्यातच सुरू करा. बाकीची कामं पैसे ओतून उरकता येतात, ही येत नाही.

इलेक्ट्रोडबद्दल एक छोटं गणित. ५ मिलिअँपचा ठोका २०० मायक्रोसेकंद दिला तर दर ठोक्याला १ मायक्रोकुलॉम विद्युतभार जातो. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ०.०५ चौरस सेंटिमीटर असेल तर घनता दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोकुलॉम. ठोक्यांनी ऊतींना इजा होऊ नये यासाठीच्या शॅनन यांच्या १९९२ च्या सूत्राने भार आणि घनता या दोन आकड्यांचा गुणाकार साधारण ७० च्या खाली हवा; तुमचा २० आहे, म्हणजे जागा आहे. पण ते सूत्र मोठ्या इलेक्ट्रोडच्या मर्यादित प्रयोगांवर उभं आहे, ते डोळे झाकून वापरू नका. प्रत्येक ठोक्यामागून तेवढाच उलटा ठोका गेला पाहिजे. ठोके देणारी चिप आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये एकसर जोडणीत कपॅसिटर असलाच पाहिजे, म्हणजे चिप बिघडली तरी एकदिश प्रवाह नसेत जाणार नाही. जागा वाचवण्यासाठी हा कपॅसिटर काढायचा मोह होतो. काढू नका.

काय इथे करायचं आणि काय बाहेरून आणायचं? बाहेरचा पट्टा, कॉइल, फर्मवेअर, सलाइनच्या चाचण्या आणि रुग्णांचा अभ्यास इथे करा. टायटॅनियमची डबी, सिरॅमिकमधल्या तारा, लेझर वेल्डिंग हे विकत घ्या; पहिल्या काही वर्षांत क्लीनरूम (धूळमुक्त खोली) बांधायला पैसे घालवू नका. नव्या कंपन्यांना आधार देणारं पुण्याचं वेंचर सेंटर आणि वैद्यकीय उपकरणं घडवणारं आयआयटी मुंबईचं बेटिक केंद्र इथे जाऊन बसा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या लोकांना जरूर भेटा. तिथली हृदयाची झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली, ती आधीची मॉडेल्स फसल्यानंतर. आपल्या देशात इम्प्लांट शून्यापासून उभं करण्याचा अनुभव ज्यांच्याकडे आहे, अशी माणसं थोडी आहेत. प्राण्यांवरचे प्रयोग सीसीएसईएकडे (अशा प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती) नोंदलेल्या ठिकाणीच.

कायद्याचं थोडक्यात. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग. तुमचं इम्प्लांट वरच्या वर्गांत जाणार आणि परवाना राज्याकडून नाही, केंद्राच्या सीडीएससीओ या औषध-उपकरण नियामक संस्थेकडून मिळणार. परवान्यांचे फॉर्म असे: चाचणीसाठी नमुने बनवायला एमडी-१३, माणसांवर चाचणी करायला एमडी-२३, उत्पादनाला एमडी-९. कागदपत्रांची शिस्त, म्हणजे गुणवत्तेचं आयएसओ १३४८५ आणि जोखमीचं १४९७१ ही मानकं, पहिल्या दिवसापासून पाळा. दोन वर्षांनी मागे जाऊन लिहिलेली डिझाइन फाइल तपासणारा लगेच ओळखतो. पैशाचं म्हणाल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग ही योजना १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान देते. त्यात इम्प्लांट पूर्ण होत नाही. पण बाहेरचा पट्टा, त्वचेवरून ठोके देणारी आवृत्ती आणि सलाइनमध्ये वर्ष काढलेले नमुने एवढं नक्की होतं, आणि पुढचा पैसा त्यावरच मिळतो.

त्वचेवरून ठोके देणाऱ्या आवृत्तीवर मी मुद्दाम भर देतो. चिकटपट्टीचे पॅड लावून हीच नस बाहेरूनही उत्तेजित करता येते. परिणामाचा पुरावा सुईइतका भक्कम नाही, पण जोखीम फार कमी आणि परवान्याची वाट सोपी. ती आधी बाजारात आणा. त्यातून मिळकत सुरू होईल. कुणाला गुण येतो, कोण पट्टा नियमित बांधतं, कोण दोन आठवड्यांत कोपऱ्यात टाकतं, हे इम्प्लांट बसवण्याआधी कळेल. जो पट्टाच बांधत नाही, त्याच्यात बॅटरी नसलेलं इम्प्लांट बसवण्यात अर्थ नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी एवढं लांब लिहायला बसलो ती. सेकंड साइट नावाच्या कंपनीने दृष्टी गेलेल्यांसाठी डोळ्यातलं आर्गस-२ हे इम्प्लांट बनवलं, एफडीएची मंजुरी २०१३ ची. जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी कंपनीची इम्प्लांट बसवून घेतली. २०१९ मध्ये कंपनीने त्यावरचं काम थांबवलं, २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या दारात पोहोचली आणि बहुतेक कर्मचारी घरी गेले. लोकांच्या डोळ्यांत उपकरण तसंच राहिलं. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही, फोन उचलायला कोणी नाही. डोकेदुखीवरचं इम्प्लांट बनवणारी ऑटोनॉमिक टेक्नॉलॉजीज २०१९ मध्ये अशीच बंद पडली. स्टार्टअप बुडणं ही रोजची गोष्ट आहे. पण ॲपची कंपनी बुडाली तर ॲप बंद होतं, इम्प्लांटची बुडाली तर माणसाच्या अंगात वस्तू उरते.

याच्या उलट पेसमेकरचं पाहा. १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पूर्ण शरीरात बसणारा पेसमेकर बसवला, तो काही तासच चालला. पुढे आयुष्यात त्यांना वीसहून जास्त पेसमेकर लागले आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. प्रत्येक वेळी पुढचा पेसमेकर द्यायला कोणीतरी होतं. आज तर पेसमेकरच्या तारेचं टोक जागतिक मानकाप्रमाणे असतं, त्यामुळे एका कंपनीची तार दुसऱ्या कंपनीच्या डबीला बसते. नसांच्या इम्प्लांटमध्ये ही सोय अजून सर्रास नाही.

म्हणून कंपनीच्या पहिल्या कागदपत्रांतच तीन गोष्टी घाला. प्रत्येक रुग्णामागे इम्प्लांट काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च वेगळ्या खात्यात, ज्याला कंपनीला कर्ज देणाऱ्यांना हात लावता येणार नाही असा. बाहेरचा पट्टा आणि इम्प्लांट यांच्यातल्या संवादाचे सगळे तपशील एखाद्या संस्थेकडे सीलबंद ठेवलेले, कंपनी बंद पडली की खुले होतील असे. आणि इम्प्लांटची रचनाच अशी, की स्थानिक भूल देऊन, छोट्या छेदातून, कुठल्याही तालुक्याच्या सर्जनला ते काढता येईल. घोटा निवडण्याचं माझं सर्वांत मोठं कारण हेच आहे. मेंदूतून किंवा मानेतून इम्प्लांट काढणं आणि घोट्याच्या त्वचेखालून काढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. संमतिपत्रात 'कंपनी बंद पडली तर काय' हा परिच्छेद साध्या भाषेत लिहा, आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही. सोलापुरात त्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती नाही. ती वाचून दाखवणारी व्यक्ती कंपनीची नको.

त्यावरून शेवटचं, तुमच्या सर्जन मैत्रिणीबद्दल. तिने प्रॅक्टिस सोडू नये. तिचे हात आणि तिची ओपीडी हीच तुमची सर्वांत मोठी ताकद आहे. मात्र तिच्या नावावर कंपनीचे शेअर असतील तर चाचणीतले रुग्ण तिने स्वतः निवडू नयेत; ते काम शासकीय महाविद्यालयातल्या किंवा दुसऱ्या रुग्णालयातल्या, कंपनीशी संबंध नसलेल्या युरॉलॉजिस्टकडे द्या, आणि तिचा हिस्सा एथिक्स कमिटीला लेखी कळवा. तुम्ही दोघांनी मात्र सर्किट बाजूला ठेवून आधी काही महिने, परवानगी काढून, तिच्या ओपीडीत कोपऱ्यात बसावं. रुग्णांना लघवीची तीन दिवसांची नोंदवही भरायला द्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांची करा, आणि किती जणी ती भरून परत आणतात ते पाहा. त्या वह्या हाती आल्या की मला कळवा, पट्ट्याच्या कॉइलचं डिझाइन आपण मिळून बघू.